घरातील मंडळी : प्रश्न श्रद्धेचा नव्हे, हक्काचा

अकोल्याहून वाशिमकडे जाणारा रस्ता पातूरचा घाट ओलांडून मेडशी, मालेगाव करीत वाशिमला पोहोचतो. या रस्त्याच्या दोन्ही टोकांना ख्रिस्ती मिशनांचा जुना इतिहास आहे. अकोल्यास ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकन मिशनचे ठाणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच पडले होते. वाशिमला आधी मेथॉडिस्टांचे काम होते; १९३० च्या दशकात ते क्षेत्र नाझरीन पंथाकडे आले आणि १९३८ मध्ये तेथे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. दगडी देवळे, बंगले, आवारे, शाळा, दवाखाने असा मिशनचा सारा पसारा शहरांत राहिला. मधल्या मेडशीसारख्या गावांच्या वाट्याला फार तर दवाखान्याची वाट आली.

आज या प्रदेशात ख्रिस्ती उपासनेची चर्चा होते ती दगडी देवळांमुळे नव्हे. ती होते घरांमुळे. मेडशीसारख्या गावातील एखादे दोन खोल्यांचे घर कल्पावे. रविवारी संध्याकाळी दहा-बारा माणसे तेथे सतरंजीवर बसतात, पवित्र शास्त्रातील एखादा भाग वाचतात, चार गीते म्हणतात, आजाऱ्यासाठी प्रार्थना करतात आणि चहा घेऊन उठतात. एवढ्या साध्या घटनेवर दोन प्रकारचे शेरे मारले जातात. एक पक्ष म्हणतो की हे परकीय पैशाने चाललेले कारस्थान आहे, दारे तोडून ते उघडकीस आणले पाहिजे. दुसरा पक्ष, आणि त्यात पुरोगामी म्हणवणारे पुष्कळ येतात, म्हणतो की ही अडाण्यांची अंधश्रद्धा आहे, तिच्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. पहिल्या भूमिकेत नागरिकाच्या हक्काचा नकार आहे; दुसरीत त्याच्या दुःखाचा. समाजवाद्याला दोन्ही त्याज्य असल्या पाहिजेत. का, ते समजण्यासाठी या घरगुती उपासनेचा उगम आणि तिच्याभोवतीचे वाद क्रमाने पाहणे आवश्यक आहे.

उगमाचा प्रश्न फारसा गूढ नाही. ख्रिस्ती धर्माची पहिली अडीच-तीन शतके प्रामुख्याने घरांतच गेली. नव्या करारातील पत्रांत प्रिस्किल्ला व अक्विला या तंबू करणाऱ्या दांपत्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा, नुंफा नावाच्या बाईच्या घरच्या मंडळीचा आणि फिलेमोनाच्या घरच्या मंडळीचा उल्लेख आहे. मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘मंडळी’ हा शब्द इमारतीसाठी नाही, जमलेल्या माणसांसाठी आहे. सीरियातील दुरा-युरोपस येथे १९३० च्या दशकातील उत्खननात तिसऱ्या शतकातील असे एक घर सापडले. दोन खोल्यांमधील भिंत काढून तेथे सभेची जागा केलेली होती. इ. स. ३१३ नंतर रोमन सम्राटांनी या धर्माला आधी मान्यता आणि पुढे राजाश्रय दिला. त्यानंतर उपासना घरातून भव्य मंदिरात गेली. तिच्याबरोबर जमीन आली, उत्पन्न आले, पुरोहितांची उतरंड आली आणि राजसत्तेशी भागीदारीही आली.

यानंतर जेव्हा जेव्हा अधिकृत चर्च आणि राजसत्ता यांची युती सामान्य माणसाला असह्य झाली, तेव्हा तेव्हा तो पुन्हा घरात जमला. इंग्लंडच्या पार्लमेंटाने १६६४ मध्ये कायदाच केला की घरच्या माणसांखेरीज पाचांहून अधिक लोकांनी राजमान्य पद्धतीवाचून उपासनेसाठी एकत्र येऊ नये. त्याच्याही आधी, १६६० मध्ये, जॉन बन्यन हा कल्हई करणारा कारागीर परवान्यावाचून उपदेश केल्याबद्दल तुरुंगात गेला आणि बारा वर्षे तेथे राहिला. त्याच्या प्रसिद्ध ग्रंथाचे मराठी रूपांतर हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये केले, हे मराठी गद्याच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. पाचाहून अधिक माणसे घरात जमली की राज्य धोक्यात येते, ही समजूत अशी साडेतीनशे वर्षांची जुनी आहे. तिचा जन्म धर्मरक्षणाच्या चिंतेतून झालेला नाही. सत्ता नव्याने हाती आलेल्या वर्गाच्या भीतीतून तो झाला.

समाजवाद्यांनी याच इतिहासातील एक प्रकरण स्वतःकडे पाहूनही वाचले पाहिजे. चीनमध्ये १९४९ नंतर परकीय मिशनांशी संबंध तोडण्याच्या नावाखाली चर्चला शासनमान्य संघटनेत बसविण्यात आले. जे बसले नाहीत त्यांना तुरुंग मिळाला. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात तर सर्वच देवळे बंद झाली. परिणाम काय झाला? उपासना घरांत शिरली आणि १९७९ नंतर देवळे पुन्हा उघडली तेव्हा ती पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक पसरलेली आढळली. साम्राज्यवादाविरुद्धचा रोष न्याय्य असला तरी तो गरिबाच्या ओसरीवर काढला की काय होते, याचा हा धडा आहे. बंदीने श्रद्धा मरत नाही. ती केवळ पोलिसांच्या नोंदवहीबाहेर जाते.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. वऱ्हाडातील मिशनांचे कार्य समतोलपणे मांडायचे तर त्याच्या दोन्ही बाजू सांगाव्या लागतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनाथ मुलांना मिशनांनी आसरा दिला. त्यांनी मुलींना शिकविले आणि ज्यांना वैद्याच्या ओट्यावरही जागा नव्हती त्यांना खाटेवर निजविले. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे आहे. परंतु या कार्याची आर्थिक घडण परावलंबी होती. पाळकाचा पगार, शाळेचे अनुदान, दवाखान्याचे औषध हे सारे समुद्रापलीकडून येई. आवारात राहणारा ख्रिस्ती हा एका अर्थी मिशनचा आश्रित झाला. कोणत्या मिशनने कोणत्या जिल्ह्यात काम करावे याची वाटणीही मिशनांनी आपसांत करून घेतली होती. त्यामुळे वाशिमचा ख्रिस्ती कोणत्या पंथाचा व्हायचा, हे त्याच्या विचारावर कमी आणि मिशनांच्या करारावर अधिक अवलंबून होते. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी क्रमाने परतले. मागे राहिली जमीन, इमारती आणि विश्वस्तपदे. देशभरातील अनेक चर्चसंघटनांची शक्ती पुढे या मालमत्तेच्या कज्ज्यांत खर्ची पडली, हे न्यायालयांच्या दप्तरावरून कोणासही दिसेल. ज्या गरीब ख्रिस्ती माणसाच्या नावाने ही मालमत्ता उभी राहिली, त्याचा तिच्याशी संबंध उरला तो रविवारच्या बाकापुरता.

या परावलंबनाविरुद्धचे बंड महाराष्ट्रात ख्रिस्ती समाजाच्या आतूनच झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. त्यांनी ख्रिस्ती उपासनेत भजन आणि कीर्तन आणले. तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, ही त्यांची धारणा होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या बंधुमंडळात बसू शकत होते. मिशनचे आवार, पगार आणि पाश्चात्त्य रीतिभाती यांच्या बाहेरही ख्रिस्तभक्ती असू शकते, हे त्यांना दाखवायचे होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि प्रयोग वाढू शकला नाही. पण त्यातला प्रश्न जिवंत राहिला. त्याआधी, १९०५ मध्ये, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, त्याच्या केंद्रस्थानी धर्मपंडित नव्हते. दुष्काळातून वाचलेल्या मुली आणि टाकलेल्या स्त्रिया तेथे स्वतः प्रार्थना चालवीत होत्या. पुढे दक्षिणेत पंजाबमधून आलेल्या बख्त सिंग यांनी १९४१ पासून मद्रासेत आणि नंतर हैदराबादेत मिशनांपासून स्वतंत्र अशा मंडळ्या उभ्या केल्या. त्यांत पगारी पाळकांची उतरंड नव्हती. तेव्हा घरगुती मंडळी ही काल-परवा विमानाने आलेली वस्तू नाही. दूरदर्शनवरील आणि भ्रमणध्वनीवरील परदेशी उपदेशकांचा, तसेच काही ठिकाणी बाहेरच्या पैशाचाही प्रभाव तिच्यावर पडला, हे खरे. पण तिचे मूळ मिशनच्या आवाराला कंटाळलेल्या भारतीय माणसात आहे.

महाराष्ट्राला तर ही कल्पना आणखी एका दिशेने परिचित असली पाहिजे. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हा देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हेच त्याचे मुख्य सूत्र होते. लग्न असो वा वास्तुशांती, आपला विधी आपण, आपल्या घरी, आपल्या भाषेत करावा, हे बहुजन समाजाला त्यांनी शिकविले. त्या वेळी ज्यांची दक्षिणा बुडाली त्यांनी हाच आरोप केला की हे मिशनऱ्यांचे कारस्थान आहे. घरात भटावाचून विधी करणारा शेतकरी आणि घरात पाळकावाचून प्रार्थना करणारा शेतमजूर यांच्या श्रद्धा भिन्न असतील. पण दोघांनाही लागलेला आरोप एकाच टांकसाळीतला आहे.

मग आजच लोक घरांत का जमतात? अर्थशास्त्राच्या दृष्टीने याचे उत्तर पाहिले तर त्यात गूढ थोडे आणि दारिद्र्य पुष्कळ आढळते. वाशिम हा पश्चिम विदर्भातील त्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे, ज्यांच्यासाठी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांना खास मदत योजना जाहीर करावी लागली. २०१८ मध्ये केंद्र शासनाने देशातील मागास जिल्ह्यांची निवड केली, त्यातही तो आला. कोरडवाहू शेती, सोयाबीनच्या भावातील चढउतार, हंगामानंतर रोजगाराचा अभाव आणि त्यातून होणारे स्थलांतर हा येथील जीवनक्रम आहे. अशा घरात एक मोठे आजारपण आले की वर्षाची कमाई जाते, दुसरे आले की शेत गहाण पडते. त्यात नवऱ्याचे दारूचे व्यसन असेल तर बाईच्या दुःखाला अंत राहत नाही. ही बाई प्रार्थनेला जाते तेव्हा तिला तेथे धर्मशास्त्र मिळते की नाही हा भाग वेगळा. पण तिचे नाव घेऊन कोणीतरी विचारपूस करते, तिच्या मुलाच्या तापासाठी दहा माणसे डोळे मिटतात, आणि दारू सोडलेल्या माणसाला आठवडाभर सोबत करणारे लोक तिला तेथे दिसतात. देऊळ बांधायला भांडवल लागते. सतरंजी अंथरायला लागत नाही. म्हणून गरिबांचा धर्म घरात वाढतो.

यात जातीचा प्रश्न मिसळला की गुंता पुरा होतो. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित झाल्या. १९५६ मध्ये शीख दलितांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यांत समाविष्ट करण्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अद्याप बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना मात्र अशी धर्माची अट नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही अट काढण्याची शिफारस केली. केंद्राने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बाळकृष्णन यांचा नवा आयोग नेमला. या आदेशाचा व्यावहारिक अर्थ असा की, दलित माणसाने ख्रिस्ती श्रद्धा उघडपणे नोंदविली तर त्याच्या मुलाची शिष्यवृत्ती आणि नोकरीतील जागा जाते. चर्चमध्ये त्याची जात गेलेली नसते. अनेक ठिकाणी दफनभूमीतसुद्धा ती त्याला भेटते. पण शासनाच्या कागदावर ती गेली, असे धरले जाते. असा माणूस बाप्तिस्म्याची नोंद टाळून घरगुती प्रार्थनेवर थांबला, तर त्याला ‘लपून धर्मांतर केलेला’ म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावे की लपण्याची पाळी त्याच्यावर कोणी आणली? शासन एका हाताने उघड बोलण्याचा दंड वसूल करते आणि दुसऱ्या हाताने गप्प राहिल्याचा.

संख्येची भीती तर अगदीच निराधार आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती सुमारे १० लाख ५८ हजार होते. २०११ मध्ये सुमारे १० लाख ८० हजार. लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण याच काळात १.०९ टक्क्यांवरून ०.९६ टक्क्यांवर उतरले. यावर कोणी म्हणेल की खरे आकडे लपलेले आहेत. असे म्हणणाऱ्याने आपल्या भीतीला आकड्यांचा आधार नाही, एवढे तरी कबूल करावे.

घरगुती मंडळीवरील मुख्य आक्षेप प्रलोभनाचा. या आक्षेपाचा कायदेशीर इतिहास विदर्भाच्या भूमीत रुजलेला आहे, हे तरुण कार्यकर्त्यांना सहसा ठाऊक नसते. विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात असताना, १९५४ मध्ये, त्या सरकारने निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. वर्ध्याचे गांधीवादी ख्रिस्ती प्राध्यापक एस. के. जॉर्ज हेही तिचे सदस्य होते. १९५६ च्या अहवालात परकीय पैशावर कठोर टीका होती आणि अवैध मार्गांनी होणाऱ्या धर्मांतरावर कायद्याने बंदी घालावी अशी शिफारस होती. पण त्याच अहवालात अशीही शिफारस होती की भारतीय चर्चनी परकीय साहाय्यावर विसंबून न राहता आपले स्वतंत्र, एकत्रित चर्च उभारावे. आज नियोगींचे नाव घेणारे लोक ही दुसरी शिफारस वाचत नाहीत. परदेशी पैसा नाही, परदेशी मिशनरी नाही, वर्गणीतून चहा आणि दिव्याचे बिल भागते, अशी मंडळी ही त्या शिफारशीच्या आशयाला सर्वांत जवळची आहे. तरीही धाड पडते ती तिच्यावरच. बलाढ्य शाळा आणि रुग्णालये चालविणाऱ्या संस्थांना वकील असतात. शेतमजुराच्या घराला फक्त कडी असते.

पुढे ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या नावाने धर्मांतरविरोधी कायदे केले. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात, ते वैध ठरविले आणि धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय दिला. १९७८ मध्ये जनता पक्षाचे खासदार ओमप्रकाश त्यागी यांनी देशभर लागू होणारे असेच विधेयक लोकसभेत आणले. ते सरकारबरोबरच लयाला गेले. उलट दिशेचा एक निर्णयही लक्षात ठेवावा. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये धर्मांतरापूर्वी जिल्हाधिकाऱ्यास सूचना देण्याची सक्ती रद्द केली. आपली श्रद्धा काय आहे हे स्वतःजवळ ठेवण्याचाही हक्क नागरिकाला आहे, हे त्यामागचे तत्त्व होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरवल्याने ते तत्त्व अधिक बळकट झाले.

तरीही नव्या कायद्यांची लाट थांबलेली नाही. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात प्रलोभनाची व्याख्या भेट, पैसा, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळेत मोफत शिक्षण येथपासून ‘अधिक चांगले जीवनमान’ येथपर्यंत ताणलेली आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ही व्याख्या दोनदा वाचावी. चांगल्या जीवनमानाची आशा दाखवणे हा गुन्हा असेल तर देशातील प्रत्येक पक्षाचा निवडणूक जाहीरनामा गुन्हा ठरेल. उपाशी माणसाला कोणीही दिलेली भाकर प्रलोभनच ठरणार असेल, तर दोष भाकर देणाऱ्याचा की उपासमार टिकवून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा? शिवाय या व्याख्येच्या मुळाशी गरिबाविषयीचा तुच्छभाव आहे. श्रीमंताने गुरू बदलला तर ती त्याची आध्यात्मिक निवड असते. मजुराने बदलला तर त्याला कोणीतरी विकत घेतले असे गृहीत धरले जाते.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तीचे धर्मांतर आणि तथाकथित ‘लव्ह जिहाद’ यांविरुद्ध कायदा सुचविण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. श्रद्धेच्या प्रश्नाचा विचार पोलीस खात्याच्या प्रमुखाकडे सोपविला गेला, यातच शासनाची दृष्टी दिसते. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३० डिसेंबर २०२५ रोजी, अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यात एका घरी चाललेल्या प्रार्थनेवरून एका केरळी धर्मोपदेशकासह काही जणांना अटक झाली; दुसऱ्या दिवशी न्यायालयाने त्यांना जामीन दिला. जामीन मिळाला ही समाधानाची गोष्ट. पण ज्या घरात पोलीस एकदा आले, त्या घरी पुढच्या रविवारी कोण येईल? शिक्षा न्यायालयात होत नाही. ती गावात होते. किराणा दुकानदार उधारी थांबवतो, सोंगणीच्या वेळी मजुरीचे बोलावणे येत नाही, मुलीचे ठरलेले लग्न मोडते.

येथवर हक्काची बाजू झाली. परंतु हक्काचा पाठीराखा असणे म्हणजे दोषांकडे डोळेझाक करणे नव्हे. घरगुती मंडळ्यांमध्ये दोष आहेत आणि ते गंभीर आहेत. पहिला दोष रोगनिवारणाच्या दाव्यांचा. प्रार्थनेने मनाला धीर येतो, याबद्दल कोणाचा वाद नाही. पण ‘औषध थांबवा, विश्वास ठेवा’ असे क्षयाच्या किंवा मधुमेहाच्या रोग्याला जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ती श्रद्धा राहत नाही. तो रोग्याच्या जिवाशी खेळ होतो. चमत्कारी इलाजांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा केंद्रीय कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारापासून रोखणे हा गुन्हा आहे, आणि साध्या उपासनेला मात्र त्यातून वगळले आहे. हा कायदा कोणत्याही एका धर्माविरुद्ध नाही. तो बाबा, मौलवी, पाळक या सर्वांना सारखा लागू आहे. फसवणुकीला शिक्षा करण्यासाठी तो पुरेसा आहे. त्यासाठी धर्मांतराचा वेगळा गुन्हा निर्माण करण्याची गरज नाही.

दुसरा दोष सत्तेचा आणि पैशाचा. दलाल नको म्हणून घरात सुरू झालेली मंडळी काही वर्षांत एका माणसाभोवती जमते. तो पाळक होतो, मग ‘प्रेषित’ होतो. उत्पन्नाचा दशमांश त्याच्या हाती पडतो आणि त्याचा हिशेब विचारणाऱ्याला विश्वास कमी पडल्याचे सांगण्यात येते. जुन्या चर्चमध्ये निदान समिती होती, वार्षिक सभा होती, विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्ताकडे हिशेब जात होता. येथे तेही नाही. स्त्रिया मंडळीचा कणा असतात, परंतु निर्णय पुरुष घेतो. मजुराच्या घामाचा दहावा हिस्सा जेथे जमा होतो, तेथे त्या मजुराला वही पाहण्याचा अधिकार हवा, ही मागणी समाजवाद्यांनी न कचरता केली पाहिजे. परदेशी देणग्यांबाबतही तेच. त्यासाठी १९७६ पासून कायदा आहे, २०१० मध्ये तो नव्याने झाला आणि २०२० मध्ये अधिक कडक झाला. तो हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सर्व संस्थांना एकाच मापाने लावावा. काहींच्या बाबतीत भिंग आणि काहींच्या बाबतीत डोळ्यांवर पट्टी, असे चालणार नाही.

तेव्हा कसोटी सोपी आहे. जे मेडशीतील सत्यनारायणाच्या पूजेला, भजनी मंडळाच्या एकादशीला, बौद्ध वस्तीतील वंदनेला किंवा घरच्या मिलादला लागू नाही, ते घरगुती ख्रिस्ती प्रार्थनेलाही लागू करता येणार नाही. शेजाऱ्याला ध्वनिक्षेपकाचा त्रास होत असेल तर ध्वनिप्रदूषणाचे नियम सर्वांना आहेत. कोणाला फसविले असेल तर फसवणुकीचा कायदा आहे. मारझोड वा धमकी असेल तर दंडसंहिता आहे. यांपलीकडे जो उरतो तो फक्त आवडी-नावडीचा प्रश्न, आणि आवडी-नावडीसाठी राज्यघटनेने पोलीस ठेवलेले नाहीत. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ‘प्रसार’ या शब्दावर कडाक्याचा वाद झाला आणि तो शब्द पंचविसाव्या कलमात समजून-उमजून ठेवण्यात आला. तो नागरिकाला मिळालेला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

आता कार्यकर्त्यांच्या कामाचा विचार. कोठे प्रार्थनेवर जमाव चालून गेला असे कळले, तर कार्यकर्त्याने निषेधाचे पत्रक लिहिण्यापूर्वी त्या घरी जावे. तक्रार कोणी केली, कोणत्या कलमाखाली केली, याची प्रत मागावी. पंचनाम्याच्या वेळी हजर राहावे. तालुका विधी सेवा समितीकडून वकील मिळवून द्यावा. गरिबाला तो मोफत मिळण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. गावात बहिष्काराची भाषा निघाली तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, याची आठवण सरपंचाला आणि पोलीस पाटलाला करून द्यावी. १९५० च्या आदेशातील धर्माची अट रद्द व्हावी, ही मागणी पक्षाच्या प्रत्येक ठरावात असावी. आणि त्याच घरातील आजारी मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन, तेथे औषध नसेल तर त्यासाठीही भांडावे. प्रार्थना करू नका असे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. औषध थांबवू नका असे सांगण्याचे कर्तव्य मात्र आहे.

शेवटी एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. एके काळी या भागातील वस्त्यांवर संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात बैठका होत. भूमिहीनांच्या, रोजगार हमीच्या, राष्ट्र सेवा दलाच्या त्या बैठका असत. त्यांत गाणी होती, आजाऱ्याची विचारपूस होती, दारू सोडण्याच्या शपथा होत्या. त्या बैठका बंद पडल्या त्या कोणा मिशनऱ्याने बंद पाडल्या नाहीत. कार्यकर्ते निवडणुकीपुरते येऊ लागले आणि सतरंजी रिकामी राहिली. त्या सतरंजीवर आज दुसरे कोणी बसले असेल, तर त्याला हुसकून लावण्याची हाक देणाऱ्यांच्या मागे समाजवाद्यांनी जाऊ नये. आणि तो का बसला, याचे नुसते विश्लेषणही करीत बसू नये. त्याच गल्लीत, आठवड्यातील दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी, रोजगाराची, रेशनची आणि दवाखान्याची बैठक पुन्हा भरवावी. प्रार्थनेला जाणारी बाई तिथेही येईल. तिला दोन्ही ठिकाणी जाण्याचा अधिकार आहे.